‘इन द नेम ऑफ द फादर’: कोठडी खोटी, खटला खरा

प्रश्न असा आहे: ‘इन द नेम ऑफ द फादर’ हा जिम शेरिडनचा १९९३ चा सिनेमा पाहिला. बॉम्बस्फोटाच्या खोट्या आरोपात मुलगा अडकतो, त्याला सोडवायला धावलेला बापही आत जातो. दोघं एकाच कोठडीत वर्षं काढतात, बाप कैदेतच मरतो आणि शेवटी एक वकीलबाई पोलिसांनी दडवलेला कागद शोधून काढतात. यातलं खरं किती? आपल्याकडे असं होऊ शकतं का? आणि झालंच, तर घरच्यांनी करायचं काय?

मी सत्र न्यायालयात आरोपीच्या बाजूने फौजदारी खटले चालवतो. सिनेमाचा समीक्षक नाही, म्हणून अभिनयाबद्दल थोडक्यात सांगतो. डॅनियल डे-लुईसचं कौतुक सगळे करतात, पण तुम्ही पीट पोस्टलथ्वेटने उभा केलेला बाप पाहा. आजारी, कमी बोलणारा, कुणापुढे न वाकणारा आणि पोराच्या प्रत्येक चुकीची लाज वाटूनही त्याची पाठ न सोडणारा. असे बाप कोर्टाच्या व्हरांड्यात रोज दिसतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जुन्या तारखांचे कागद.

आता खऱ्याखोट्याकडे येतो. जेरी कॉन्लन आणि त्याचे वडील ज्युसेप्पे एका कोठडीत कधीच नव्हते. बहुतेक काळ ते वेगवेगळ्या तुरुंगांत होते. सिनेमात सगळे आरोपी एकाच खटल्यात उभे दिसतात, प्रत्यक्षात खटले दोन झाले. जेरी आणि त्याच्या तीन साथीदारांना ऑक्टोबर १९७५ मध्ये शिक्षा झाली, ज्युसेप्पे आणि नातेवाइकांना मार्च १९७६ मध्ये. तुरुंगात भेटणारा तो खरा बॉम्बवाला, जो मॅकअँड्र्यू, हे पात्र रचलेलं आहे. वकीलबाईंचं गॅरेथ पीअर्स हे नाव खरं, पण त्या सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणाऱ्या वकील, होत्या. अपील कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणं तिथे बॅरिस्टरचं काम. त्यामुळे त्यांच्या भूमिकेतल्या एमा थॉम्पसन कागद फडकवत न्यायाधीशांवर कडाडतात तो प्रसंग घडलेलाच नाही. खरी सुनावणी कशी झाली ते पुढे सांगतो. ती जास्त कोरडी होती आणि मला जास्त महत्त्वाची वाटते.

पंधरा वर्षांची गोष्ट दोन तासांत बसवायची तर एवढी मोडतोड होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकतं ते वेगळंच. सिनेमा बघून उठताना वाटतं की वाईट यंत्रणा एका बाजूला आणि कुटुंबाची माया दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी माया जिंकली. खटल्याचे कागद पाहिले की दिसतं ते असं, की त्या मायेलाच धरून खटला उभा केला गेला. मुलाला बोलतं करायला घरच्यांचा जीव वापरला, मुलाच्या जबाबातून घरचे आरोपी झाले आणि बाप सापडला तो मदतीला आला म्हणून.

क्रम बघा. ५ ऑक्टोबर १९७४ च्या शनिवारी रात्री लंडनच्या नैऋत्येला असलेल्या गिल्डफर्ड गावात ‘हॉर्स अँड ग्रूम’ आणि ‘सेव्हन स्टार्स’ या दोन पबमध्ये स्फोट झाले. पाच जण मेले, त्यातले चार सैनिक होते. काम ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) या सशस्त्र संघटनेचं. नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमला आणखी मोठे स्फोट होऊन २१ माणसं गेली. देश खवळला आणि संसदेने घाईघाईत दहशतवाद प्रतिबंधक कायदा आणला. आरोप न ठेवता सात दिवस कोठडीत ठेवायची सोय त्यात होती. कायद्यावर शिक्कामोर्तब झालं २९ नोव्हेंबरला. जेरीला बेलफास्टच्या घरातून उचललं ३० नोव्हेंबरला.

त्याच्या आधी पॉल हिल नावाच्या त्याच्या ओळखीच्या पोराला धरलं होतं आणि त्याच्या तोंडून जेरीचं नाव निघालं होतं. जेरी काही संत नव्हता. भुरट्या चोऱ्या, जुगार, दारू, सगळं करून झालेला विशीतला पोरगा. अशा पोरासाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही, हे तपास करणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. पोलिसांनी आपल्याला मारहाण केली आणि आई-बहिणीच्या जिवाची धमकी दिली, असं जेरीने नंतर सतत सांगितलं. सिनेमात ती धमकी बापाच्या नावाने दिली आहे. नातं बदललं, कळ तीच. त्याने सही केली.

‘निरपराध माणूस स्वतःहून गुन्हा कबूल कसा करेल?’ हा प्रश्न मला शिकलेली माणसंही विचारतात. त्यांनी एकदा रिमांड कोर्टाबाहेर उभं राहावं. तिथे एक वाक्य कानावर येतं: ‘बाप आणून बसवलाय.’ म्हणजे काय? तर आरोपीच्या बापाला, कधी भावाला, कधी बायकोला ‘चौकशीला’ म्हणून ठाण्यात आणलेलं असतं. अटक नाही, नोटीस नाही, ठाणे दैनंदिनीत नोंद नाही. फक्त बाकावर बसवून ठेवलंय, आणि ते आतल्या पोराला दिसेल असं बसवलंय. मारायची गरजही पडत नाही. पोरगा विचारतो, ‘सही केली की त्यांना सोडाल ना?’ अंगावरचा वळ डॉक्टरला दाखवता येतो. बाकावर घालवलेल्या त्या दुपारचा पुरावा कुठून आणणार?

इंग्लंडमध्ये तेव्हा पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत होता. गिल्डफर्डच्या चौघांविरुद्ध त्या जबाबांपलीकडे काहीही नव्हतं. बोटांचा ठसा नाही, स्फोटकं नाहीत, ओळखणारा साक्षीदार नाही. चौघांचे जबाब एकमेकांशी अनेक ठिकाणी जुळत नव्हते, तरी ज्युरीने ते मानले. न्यायमूर्ती डोनाल्डसन यांनी शिक्षा सुनावताना फाशीची तरतूद हाताशी नसल्याची खंत बोलून दाखवली. हे वाक्य फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ती तरतूद असती तर १९८९ मध्ये सोडायला कुणी उरलंच नसतं.

मग बाप कसा अडकला? मुलाला अटक झाल्याचं कळल्यावर ज्युसेप्पे कॉन्लन बेलफास्टहून समुद्र ओलांडून लंडनला निघाला, पोरासाठी वकील बघायला. फुप्फुसं आधीच गेलेली. लंडनमध्ये उतरला तो मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या भावाच्या, पॅडी मॅग्वायरच्या घरी. पॅडीची बायको ऍनी ही जेरीची मामी, आणि तिचं नाव जबाबात आलं होतं: बॉम्ब बनवायला हिने शिकवलं म्हणे. ३ डिसेंबरला पोलीस त्या घरी पोचले आणि त्या घरात राहणारे किंवा त्या दिवशी तिथे आलेले सात जण आरोपी झाले. ऍनी, तिचा नवरा, त्यांची दोन मुलं, तिचा भाऊ, आपल्या मुलींना थोडे दिवस सांभाळायला सोडायला आलेला एक मित्र, आणि नुकताच येऊन टेकलेला ज्युसेप्पे. धाकटा मुलगा त्या वेळी १३ वर्षांचा होता. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, ऍनीला आणि तिच्या नवऱ्याला चौदा-चौदा, ज्युसेप्पेला बारा.

पुरावा काय? घरात बॉम्ब सापडला नाही, स्फोटकं सापडली नाहीत. हातांवरून आणि नखांखालून कापसाने घेतलेल्या नमुन्यांत, आणि ऍनीच्या बाबतीत तिच्या रबरी हातमोज्यांवर, नायट्रोग्लिसरीन या स्फोटकाचा अंश आहे असं प्रयोगशाळेने सांगितलं. एकच चाचणी, पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पदार्थ थरावर कुठे सरकतो आणि कोणता रंग दाखवतो त्यावरून तो ओळखायची पद्धत. नमुना त्या चाचणीतच संपला, म्हणजे बचाव पक्षाला तो दुसरीकडे तपासून घ्यायची सोयच उरली नाही. पुढे सर जॉन मे यांच्या चौकशीत निघालं की दुसरं एक रसायनही त्या चाचणीत तसाच रंग आणि तीच जागा दाखवू शकतं, आणि एका टॉवेलला हात पुसल्यानेही अंश एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. १९९१ मध्ये सातही जणांची शिक्षा रद्द झाली. तोवर सगळे आपापली शिक्षा भोगून बाहेर आलेले होते. ज्युसेप्पे सोडून. तो जानेवारी १९८० मध्ये लंडनच्या एका इस्पितळात कैदी म्हणूनच गेला.

प्रयोगशाळेचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला की आपल्या कोर्टातही सगळे मान डोलावतात. मी मात्र आधी विचारतो की नमुना घेतला कुणी, सील कुणासमोर झालं, मुद्देमाल कारकुनाकडे किती दिवस पडून होता आणि तपासून काही उरलंय का. ‘नमुना चाचणीत संपला’ ही ओळ अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. ती वाचली की मला ते मॅग्वायरांचं घर आठवतं.

दडवलेल्या कागदाची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. स्फोटाच्या रात्री जेरी लंडनच्या किलबर्न भागातल्या एका कॅथलिक वसतिगृहात होता, असं सांगणारा साक्षीदार होता. सिनेमात तो बागेतला बेघर म्हातारा दाखवलाय. प्रत्यक्षात तो त्याच वसतिगृहात राहणारा भाजीविक्रेता होता. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला होता, पण बचाव पक्षाला दिला नाही. वर्षानुवर्षं तो सरकारी फायलीत पडून राहिला.

मात्र खटला कोसळला तो दुसऱ्याच कागदांनी. १९८९ मध्ये दुसऱ्या भागातल्या पोलीस दलाला जुना तपास पुन्हा पाहायला सांगितलं होतं. त्यांना चौघांपैकी पॅडी आर्मस्ट्राँग याच्या चौकशीची टंकलिखित टिपणं सापडली. त्यांवर हाताने खाडाखोड, वाढवलेली वाक्यं, बदललेला क्रम. आणि कोर्टात ‘चौकशी चालू असताना त्याच वेळी हाताने लिहिलेली’ म्हणून जी टिपणं शपथेवर सादर केली होती, ती या दुरुस्त मजकुराशी जुळत होती. म्हणजे आधी टंकलेखन, मग दुरुस्त्या, मग त्यावरून ‘तत्क्षणी’ लिहिलेली हस्तलिखित प्रत. १९ ऑक्टोबर १९८९ च्या सुनावणीत सरकारी वकिलांनी स्वतः उभं राहून सांगितलं की आम्ही या शिक्षांचं समर्थन करत नाही. मुख्य न्यायमूर्ती लेन म्हणाले की अधिकारी खोटं बोललेच असले पाहिजेत. आरडाओरडा नाही, नाट्य नाही. चौघांच्या शिक्षा रद्द. पुढे तीन पोलीस अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला आणि १९९३ मध्ये ते निर्दोष सुटले, हेही सांगून ठेवतो.

अशी टिपणं ओळखायची नजर या कामात सवयीने येते. आपल्याकडच्या फायलीत ती खूण पंचनाम्यात सापडते. पंचनामा सुरू सकाळी ११.१०, संपला ११.४०, आणि मजकूर पाच पानी, तिथल्या तिथे उभ्याने लिहिलेला, पण ओळी सरळ आणि एकही खाडाखोड नाही. सात साक्षीदारांचे जबाब, आणि सातही जणांना आरोपी ‘अंदाजे पाच फूट सहा इंच उंचीचा, अंगात निळसर शर्ट’ असाच दिसलेला. निवेदन पंचनाम्यात आरोपी निरक्षर, पण बोलतो असं: ‘सदर हत्यार मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना काढून देत आहे.’ ‘सदर’ हा शब्द आमच्या पक्षकारांपैकी कुणी जन्मात वापरलेला नसतो. पंच कोण, तर ठाण्यासमोर टपरी चालवणारा, आणि तोच इतर प्रकरणांतही पंच. दरवेळी हे खोटंच असतं असं नाही. तपासी अंमलदाराला कामाचा बोजा असतो, साचा हाताशी असतो, तो साच्यात माणूस बसवतो. पण निरपराध माणूस आत जातो तो त्या साच्यातूनच.

‘आपल्याकडे असं होऊ शकतं का’ याचं उत्तर मी नाशिक जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने देतो. जून २००३ मध्ये शेतातल्या एका कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले, त्यातले बहुतेक एकमेकांचे नातेवाईक. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची. पुढे फाशीच्या प्रकरणांतला फेरविचार अर्ज खुल्या कोर्टात ऐकायचा असं २०१४ मध्ये ठरलं आणि ही फाईल पुन्हा उघडली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण वाचाल तर गिल्डफर्डच आठवेल. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने अगदी सुरुवातीला पोलिसांकडच्या सराइतांच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. तोवर सोळा वर्षं गेलेली होती, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला.

कबुलीजबाबाच्या बाबतीत आपला मूळ कायदा त्या काळच्या इंग्लंडपेक्षा चांगला आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ सांगतं की पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. चालतो तो फक्त तिच्यातला तेवढाच तुकडा ज्यामुळे एखादी वस्तू सापडली. पण विशेष कायदे आले आणि या भिंतीला दार पाडलं गेलं. आधी दहशतवादाविरुद्धचे टाडा, मग पोटा, आणि आपल्या राज्यात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मकोका. त्यात पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांचा खटला याच कायद्याखाली चालला. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाचांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर सारखाच असणं आणि छळाच्या तक्रारी, हे त्या निकालातले मोठे मुद्दे. फाशीच्या पाचांतला एक जण त्याआधीच, २०२१ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. निकाल तुम्हाला पटो न पटो, ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली त्यांच्याही हाती एवढ्या वर्षांनी काही लागलेलं नाही. चुकीचा माणूस आत टाकला की खरा माणूस बाहेरच राहतो, हे त्या घरांइतकं कुणाला कळत नसेल. गिल्डफर्डमध्ये तर दुसऱ्या प्रकरणात पकडल्या गेलेल्या आयआरए टोळीने १९७७ मध्ये सांगून टाकलं होतं की ते स्फोट आमचे, आत बसलेत ते निरपराध आहेत. अपील कोर्टाने तरीही शिक्षा कायम ठेवल्या, आणि आणखी बारा वर्षं गेली.

आता घरच्यांनी काय करायचं.

पहिली गोष्ट, अटकेची वेळ लिहून ठेवा. घड्याळात पाहून, कागदावर, कोण आले होते आणि गाडीचा नंबर काय यासकट. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं की नाही हे त्यावरून ठरतं. उचललं मंगळवारी आणि अटक दाखवली गुरुवारी, हा प्रकार नवा नाही. मधले दोन दिवस कागदावर नसतात आणि जे व्हायचं ते त्याच दोन दिवसांत होतं. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते, अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. रिमांडला उभं केल्यावर दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ तिथे ‘नाही’ म्हणून गेलं की पुढे दहा वर्षं तो ‘नाही’ पिच्छा सोडत नाही. पोराला हे सांगायची संधी वकिलाला मिळतेच असं नाही. म्हणून वकील पहिल्या रिमांडलाच हवा, आरोपपत्र आल्यावर नव्हे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुसरी गोष्ट ऐकायला कडू आहे. घरातले दोघं-तिघं आरोपी असतील तर सगळ्यांसाठी एकच वकील घेऊ नका. फी वाचते म्हणून लोक तसं करतात, शिवाय ‘आपण एकच ना’ ही भावना असतेच. पण बचाव वेगवेगळे असतात. माझ्याकडे एका प्रकरणात बाप आणि मुलगा दोघं होते. बाप तुरुंगातल्या मुलाखतीत जाळीपलीकडून एकच धोशा लावून बसला होता: ‘साहेब, मी घेतो अंगावर. पोराचं आयुष्य आहे अजून.’ बापावर पुरावा जवळजवळ नव्हताच, त्याने अंगावर घेऊन मुलगा सुटलाही नसता. उलट बाप तिथे होता हे कबूल झालं असतं आणि त्यामागून मुलगाही. त्याला समजवायला बाहेरचाच वकील लागला. मी सांगितलेलं त्याला मुलाच्या बाजूचं वाटायचं, आणि मुलाला बापाच्या बाजूचं.

गुन्ह्याच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता असं असेल, तर ते सांगणारा घराबाहेरचा माणूस शोधा आणि लगेच शोधा. आई म्हणते, पोरगा घरी जेवत होता. खरंच जेवत असेल. नात्यातला म्हणून साक्षीदार फेकून देता येत नाही. शिवाय बचावाच्या साक्षीदाराला सरकारी साक्षीदाराइतकाच मान द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे प्रकरणात १९८१ मध्येच सांगितलंय. तरीही आईच्या साक्षीवर न्यायाधीशांचा चेहरा कसा होतो ते आम्हाला माहीत आहे. किराणा दुकानदार, कामावरची हजेरी, पेट्रोल पंपावरचा कॅमेरा, यूपीआयचा व्यवहार, मोबाइलचं लोकेशन, हे बघा. कॅमेऱ्याचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवावं म्हणून पोलिसांना आणि कोर्टाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तपास यंत्रणेने गोळा केलेले पण आरोपपत्राला न जोडलेले कागद कोणते, याची यादी मागण्याचा मार्गही आता सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलेला आहे. ती मागा. भाजीविक्रेत्याचा जबाब अशाच न जोडलेल्या कागदांत पडून होता.

आणि भेटी चुकवू नका. सिनेमाने ज्या बाईला फार कमी जागा दिली ती जेरीची आई सारा. बेलफास्टच्या इस्पितळात नोकरी करायची आणि रजेत समुद्र ओलांडून दोघांना वेगवेगळ्या तुरुंगांत भेटायला जायची. बिशप, खासदार, पत्रकार, ज्याला शक्य त्याला गाठलं. ज्युसेप्पेचं प्रकरण हाती घेणारे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ह्यूम असोत की नंतर बोलू लागलेले माजी न्यायाधीश, सगळे पुढे आले ते बाहेर कुणीतरी विषय जिवंत ठेवला म्हणून. ९ फेब्रुवारी २००५ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन्ही कुटुंबांची जाहीर माफी मागितली, त्यासाठीही तीच मागे लागली होती. २००८ मध्ये ती गेली. माझ्या अनुभवात ज्याला भेटायला कुणी येत नाही तो आरोपी खटला लढत नाही, तो लवकर संपावा एवढंच बघतो. वकिलाला माहिती देत नाही, साक्षीदार सुचवत नाही, उलटतपासणीत लक्ष देत नाही. जाळीतून फोनवर बोललेल्या त्या थोड्या मिनिटांचा पुराव्याशी थेट संबंध असतो.

या प्रकरणांनंतर इंग्लंडने काही गोष्टी बदलल्या. पोलीस चौकशीचं ध्वनिमुद्रण सक्तीचं झालं, आणि अपिलं संपल्यावरही संशयास्पद शिक्षा पुन्हा तपासणारा स्वतंत्र आयोग १९९७ मध्ये कामाला लागला. आपल्याकडे तसा आयोग नाही. सर्वोच्च न्यायालयानंतर फेरविचार अर्ज, मग क्युरेटिव्ह, म्हणजे चूक सुधारून घ्यायचा शेवटचा अर्ज, आणि दोन्हींत आत शिरायला फट अगदी बारीक.

भरपाईबद्दल कुणी विचारलं नाही, पण सुटून आलेला माणूस हमखास विचारतो. कारणाशिवाय अटक करायला लावणाऱ्याकडून दंडाधिकारी देववू शकतात ती रक्कम नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. बाकी सगळं उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या मर्जीवर. नाशिकच्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख मिळाले. चुकीच्या खटल्याची भरपाई हक्क म्हणून मिळावी, त्यासाठी खास न्यायालयं असावीत, अशी शिफारस विधी आयोगाने २७७ व्या अहवालात केली. अहवाल ऑगस्ट २०१८ चा आहे. कायदा अजून झालेला नाही, त्यामुळे सध्या तरी मी अशा पक्षकाराला रिट याचिकेचाच रस्ता सांगतो.